तीस वर्षांची अट आणि तेरा वर्षांची इमारत

विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा मागचा भाग २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री शेजारच्या चाळीवर कोसळला. दुसरा दिवस गणेशचतुर्थीचा होता. ज्या रात्री घरोघर गणपतीच्या आगमनाची तयारी चालली होती त्याच रात्री तेथे ढिगाऱ्याखालील माणसे शोधण्याचे काम सुरू झाले. गल्ल्या अरुंद, यंत्रे आत नेणे कठीण. त्यामुळे हे काम दीड दिवस पुरले. सतरा जणांचे प्राण गेले. इमारत बांधणाऱ्याला अटक झाली, चौकशीची घोषणा झाली, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. अशा प्रसंगी जे जे होते ते सर्व यथासांग पार पडले. मात्र या दुर्घटनेने पुढे आणलेला एक साधा प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे. आपले घर पडण्याच्या बेतात आहे की नाही, हे सामान्य माणसाने कोणाला विचारावे, आणि विचारण्याची हिंमत त्याला कशी व्हावी?

रमाबाई अपार्टमेंट २०१२ च्या सुमारास उभी राहिली होती. म्हणजे कोसळताना तिचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. पन्नासेक बिऱ्हाडांची ही इमारत अनधिकृत होती. वय कोवळे आणि कागद नाहीत, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे वसई-विरारच्या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते.

वयाचा हिशेब

इमारतींच्या तपासणीसंबंधी कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६५ अ अन्वये तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घेणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. ती न केल्यास पंचवीस हजार रुपये किंवा इमारतीच्या वार्षिक मालमत्ता कराइतकी रक्कम, यांतील जी अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी मर्यादा याहून अलीकडे आणली आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे ते सांगतात.

आता हे नियम रमाबाई अपार्टमेंटला लावून पाहावेत. महापालिकेची तीस वर्षांची मुदत तेथे २०४२ मध्ये भरली असती. उपविधींची पंधरा वर्षांची २०२७ मध्ये. इमारतीने दोहोंपैकी कशाचीही वाट पाहिली नाही. शिवाय उपविधी लागू व्हायला आधी नोंदणीकृत संस्था हवी, आणि अनधिकृत इमारतीत ती बहुधा नसतेच. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून सोळा जण दगावले, तेव्हा तीही जेमतेम दहा वर्षांची होती. मुंब्य्राजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी जी अनधिकृत इमारत कोसळली ती तर पुरती बांधूनही झाली नव्हती. तेथे चौऱ्याहत्तर बळी गेले. इमारत म्हातारपणीच मरते, हा समज या तिन्ही घटनांनी खोटा ठरविला आहे. उत्तम बांधलेली इमारत साठ वर्षे खुशाल उभी राहील. वाईट बांधलेली जन्मतःच आजारी असते.

वसई-विरारमध्ये हा आजार बळावण्याची कारणे उघड आहेत. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी. हवेत बाराही महिने खारटपणा. त्यात पावसाळा चार महिन्यांचा. खाजणे, मिठागरे आणि भातशेते भरून ज्या जमिनी तयार झाल्या त्या मऊ. तेथे पाया खोल न नेता मजले चढविले की इमारत एकीकडे खचू लागते. खाडीची रेती नीट न धुता वापरली किंवा काँक्रीट कालविण्यासाठी कूपनलिकेचे मचूळ पाणी घेतले, तर मिठाचा शिरकाव पहिल्याच दिवशी होतो. सळईभोवतीचे काँक्रीट तिला गंजापासून राखते. ते सच्छिद्र असले किंवा त्याचा थर पातळ पडला की ओल आत उतरते. गंजलेली सळई मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते, आतून काँक्रीट फोडते, आणि मग घराच्या मालकाला स्लॅबचा पापुद्रा पडलेला दिसतो. तो गिलावा करून घेतो, रंग लावतो. भिंत पुन्हा सुंदर दिसू लागते. आतली सळई मात्र बारीकच होत जाते.

दुखणे अंगावर का काढले जाते?

लोक वेळीच जाणकाराला का बोलावीत नाहीत, असा प्रश्न दुर्घटनेनंतर हमखास विचारला जातो. त्यात रहिवाशांच्या अडाणीपणाकडे किंवा कंजूषपणाकडे बोट असते. हा आरोप वरवरचा आहे. मुंबईतील गिरण्या, कचेऱ्या आणि कारखाने यांत राबणारा माणूस घराच्या शोधात नालासोपारा-विरारपर्यंत आला, तो येथे जागा परवडते म्हणून आला. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. भविष्यनिर्वाह निधी काढून, स्त्रीधन मोडून, गावची जमीन विकून ज्याने दोन खोल्या घेतल्या, त्याच्या हाती घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल एवढेच कागद आले. अनधिकृत बांधकामावर घरपट्टी भरली म्हणून ते अधिकृत होत नाही, असे कायदाच सांगतो. पण विकत घेताना हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्याला दुसरीकडे घर परवडले नसते.

अशा माणसाला इंजिनियर कसा दिसतो? तो घराचे आयुष्य वाढविणारा वैद्य म्हणून दिसत नाही. घरावर नोटीस आणणारा दूत म्हणून दिसतो. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवालनगरीत, सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एकेचाळीस अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या प्रारंभी पाडण्यात आल्या. न्यायालयाचा आदेश पाळला गेला यात वावगे काही नाही. मात्र तेथील कुटुंबांना आपापली सोय आपणच पाहावी लागली, हे आसपासच्या हजारो घरांनी पाहिले. यानंतर आपल्या इमारतीचा अहवाल कागदावर यावा असे कोणाला वाटेल? झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायाने तडा गेलेल्या खांबावर कॅलेंडर टांगले जाते. इमारतीच्या भीतीपेक्षा अहवालाची भीती मोठी झाली आहे, आणि जोवर ती तशी आहे तोवर निष्णात इंजिनियरांची कितीही लांब यादी प्रसिद्ध केली तरी तिचा उपयोग व्हायचा नाही.

नाडी कोणी पाहावी?

ही भीती बाजूला सारून जे रहिवासी पुढे येतात त्यांच्यापुढे दुसरी अडचण उभी राहते. कोणाला बोलवावे? तडा दिसला की पहिल्यांदा गवंडी येतो, मग वॉटरप्रूफिंगवाला, मग दुरुस्तीचा कंत्राटदार. प्रत्येकाचे निदान त्याच्या धंद्याला साजेसे असते. औषधविक्यानेच नाडी पाहिली तर दुकानात जे असेल तेच रोग्याला घ्यावे लागणार. म्हणून पहिला नियम हा, की जो तपासतो त्याने दुरुस्तीचे काम घेऊ नये, कंत्राटदाराकडून दलाली घेऊ नये, आणि पुनर्विकासाच्या व्यवहारात त्याचा हितसंबंध असू नये. त्याचा मेहनताना रहिवाशांनीच द्यावा, आणि हे सर्व कामाआधी लेखी ठरवावे.

दुसरा नियम योग्य व्यावसायिक ओळखण्याचा. आर्किटेक्ट घराची आखणी करतो. सिव्हिल इंजिनियरचे क्षेत्र रस्त्यापासून धरणापर्यंत पसरलेले असते. इमारतीचा सांगाडा किती भार पेलेल याचा हिशेब करणारा तो स्ट्रक्चरल इंजिनियर. आर्किटेक्टांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आणि त्यांची नोंदणी करणारी परिषद आहे. वकिलांसाठी आणि डॉक्टरांसाठीही अशी व्यवस्था आहे. इंजिनियरांसाठी तसा देशव्यापी कायदा नाही. त्यामुळे कोणाच्या पाटीवर काय लिहिले आहे यावर विसंबण्यापेक्षा महापालिकेने दिलेला परवाना चालू आहे का, त्याचा क्रमांक कोणता, जुन्या आणि आजारी इमारतींचे काम यापूर्वी कोठे केले, हे विचारणे शहाणपणाचे. नवी इमारत रचणे आणि जुनीचे दुखणे ओळखणे या दोन विद्या भिन्न आहेत. मुंबईत माटुंग्याची व्हीजेटीआय आणि पवईची आयआयटी यांसारख्या संस्थांतील तज्ज्ञ असे काम करतात. मोठ्या इमारतीला किंवा वादाच्या प्रकरणी त्यांचे मत घेणे इष्ट.

अहवाल कसा वाचावा?

तपासणी चांगली झाली की नाही हे सामान्य माणसालाही बऱ्याच अंशी पारखता येते. अर्ध्या तासात जिना चढून-उतरून आणि दोन-चार छायाचित्रे घेऊन झालेली पाहणी म्हणजे तपासणी नव्हे. गच्ची, पाण्याच्या टाक्या, सर्वांत वरचा मजला, तळमजल्याची दुकाने आणि शक्य तितकी सर्व घरे आतून पाहिली गेली पाहिजेत. तळमजला तर फारच महत्त्वाचा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत पडून सतरा जण मरण पावले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना इजा झाल्याचा आरोप पुढे आला होता. एका गाळ्याची शोभा वाढविण्यासाठी हलविलेला खांब वरच्या साऱ्या बिऱ्हाडांचा असतो, ही गोष्ट दुकानदारही विसरतो आणि शेजारीही.

डोळ्यांनी पाहून झाल्यावर उपकरणांची पाळी येते. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. पण जुन्या काँक्रीटवर हवेतील कर्बवायूची क्रिया होऊन वरचा थर कडक बनलेला असतो, म्हणून केवळ या हातोड्याचा आकडा फसवा ठरू शकतो. त्याच्या जोडीला ध्वनिलहरींची चाचणी घेऊन आतील पोकळ्या आणि भेगा शोधतात. शंका असेल तेथे काँक्रीटचा नळीसारखा तुकडा काढून तो प्रयोगशाळेत दाबून पाहतात. फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव शिंपडला असता निरोगी काँक्रीट गुलाबी होते. रंग चढला नाही तर सळईचे संरक्षण संपत आले असे समजावे. मिठाचे प्रमाण आणि सळई गंजण्याचा संभव मोजण्याच्याही चाचण्या आहेत, आणि खाडीकाठच्या गावात त्या टाळून चालणार नाही. अनधिकृत इमारतीचे नकाशे मिळत नाहीत. तेथे खांबातील सळया यंत्राने शोधून आणि पायाशी खड्डा खणून सर्व हिशेब नव्याने मांडावा लागतो. हे काम अधिक खर्चाचे आहे, हे आधीच मान्य केलेले बरे.

अहवालात प्रत्येक चाचणी कोणत्या खांबावर, कोणत्या तुळईवर झाली ते नकाशावर दाखविलेले असावे. शेवटी इमारतीची वर्गवारी स्पष्ट हवी. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी. सी-२ ब म्हणजे रहिवासी राहत असतानाच संरचनेची दुरुस्ती होण्याजोगी. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. ‘इमारतीची काळजी घ्यावी’ असला मोघम शेरा मारणाऱ्या अहवालाची किंमत त्याच्या कागदाइतकीही नसते. खोटा अहवाल दोन्ही बाजूंनी खोटा असू शकतो, हेही लक्षात ठेवावे. दुरुस्ती टाळण्यासाठी मोडक्या इमारतीला धडधाकट ठरविले जाते, तसेच जागेवर डोळा ठेवून बऱ्या इमारतीला मोडकी ठरविले जाते. मुंबईत मालकाचा आणि भाडेकरूंचा अहवाल परस्परविरोधी आला तर तो वाद तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेण्याची पद्धत आहे. दुसरे मत मागणे हा अविश्वास मानला जाऊ नये. सी-१ चा निर्णय कायम झालाच, तर घर सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील जागेचे क्षेत्रफळ लेखी नोंदवून घेणे प्रत्येक रहिवाशाच्या हिताचे असते.

महापालिकेचे कर्तव्य

येथवर रहिवाशांनी काय करावे हे झाले. परंतु सारा भार त्यांच्यावर टाकून महापालिकेला मोकळे होता येणार नाही. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली; रमाबाई अपार्टमेंट तिच्याच कारकिर्दीत बांधली गेली. आणि आयुक्तांचे हात तीस वर्षांच्या अटीने बांधले आहेत, असेही नाही. ज्या कलमात ती अट आहे त्याच कलमाने आयुक्तांना असाही अधिकार दिला आहे, की कारणे लेखी नोंदवून ते कोणत्याही वयाच्या इमारतीची तपासणी कधीही करवून घेण्याचा आदेश देऊ शकतात. ज्या इमारतीला बांधकाम परवानगी नाही, जिच्या काँक्रीटची तपासणी बांधताना कोणी केली नाही, तिच्याबाबत याहून सबळ कारण कोणते हवे? कायदा बदलण्याची वाट पाहण्याची जरुरी नाही. असलेला कायदा वापरण्याची आहे.

मात्र नुसते आदेश काढून भागणार नाही. आदेश मिळाला तरी रहिवासी आज जे करतात तेच उद्याही करतील. तपासणीचा खर्च प्रथम महापालिकेने करावा आणि तो घरपट्टीतून सोप्या हप्त्यांनी वसूल करावा. इंजिनियर रहिवाशांनी किंवा विकासकाने निवडण्याऐवजी यादीतून क्रमाने नेमावा, म्हणजे कोणाच्या मर्जीचा प्रश्न उरणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इमारत सुरक्षित आहे का आणि ती कायदेशीर आहे का, हे दोन प्रश्न तपासणीपुरते तरी वेगळे ठेवावेत. दुरुस्तीने वाचू शकणारी इमारत केवळ अहवाल सादर झाला म्हणून पाडण्याच्या यादीत जाणार नाही, आणि जी रिकामी करावीच लागेल तिच्या रहिवाशांना तात्पुरता निवारा मिळेल, असे आश्वासन जाहीरपणे मिळाल्याखेरीज लोक दार उघडणार नाहीत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. नियम पाळून, कर्ज काढून अधिकृत घर घेणाऱ्याने अनधिकृत घरांच्या तपासणीचा भार का सोसावा? अशाने बेकायदा बांधकामाला उत्तेजन मिळणार नाही काय? उत्तेजन मिळते ते बांधणाऱ्याला आणि त्याच्याकडे काणाडोळा करणाऱ्याला शिक्षा होत नाही म्हणून. राहणाऱ्याला मरू दिल्याने बेकायदा बांधकाम थांबल्याचे उदाहरण नाही. शिवाय पडणारी इमारत आपल्या हद्दीत पडत नाही. विरारची इमारत शेजारच्या चाळीवर पडली. ढिगारा उपसण्याचा आणि जखमींवर उपचारांचा खर्च सार्वजनिक तिजोरीतूनच होतो; तो आधी केला तर निदान माणसे वाचतात.

या कामी शहरातील सुशिक्षितांनाही मोठा वाटा उचलता येईल. वसईत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली वस्तीवस्तीत जाऊन प्राथमिक पाहणी केली, तर कोणत्या इमारतींकडे इंजिनियर आधी धाडावा हे ठरविता येईल. ही पाहणी तज्ज्ञाच्या तपासणीची जागा घेणार नाही. पण तापमापक जवळ असला म्हणजे वैद्याला केव्हा बोलवावे ते कळते. गिलाव्यावरची केसासारखी जाळी आणि खांबातून उभी गेलेली, तांबूस डाग पडलेली भेग यांतला फरक शाळेतल्या मुलालाही शिकविता येतो. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. महिन्याभराने भेग खुणेपलीकडे गेली असेल तर ती जिवंत आहे, असे समजून विलंब न लावता इंजिनियर गाठावा. दारे-खिडक्या अचानक अडकू लागल्या, खांबाचे काँक्रीट फुगले किंवा कडाड असा आवाज झाला, तर अहवालाची वाट न पाहता आधी बाहेर पडावे आणि मग महापालिकेला व अग्निशमन दलाला कळवावे.

शिक्षक, कारकून, बँकेतील कर्मचारी अशा माणसांनीच या शहरातील बहुतेक इमारती भरल्या आहेत. अर्ज कसा लिहावा, पोच कशी घ्यावी, माहितीच्या अधिकारात इमारतीचे दप्तर कसे मागवावे, हे त्यांना ठाऊक असते. सोसायटी नोंदलेली नसली तरी बिऱ्हाडकरूंनी एकत्र येऊन कागदावर सह्या करायला कोणाची परवानगी लागत नाही. तेवढे एक पत्र आयुक्तांच्या कार्यालयात आवक क्रमांकानिशी दाखल झाले, की लेखी नोंदविण्याजोगे कारण आपोआप तयार होते. मग २०४२ पर्यंत थांबण्याचे निमित्त कोणालाच उरत नाही.